राउटरचा पत्ता आपणच शोधू या

दुपारची भांडी आटोपली असतील, घडीभर टेकला असाल, तर आज एक कागद आणि पेन जवळ घेऊन बसा. आज आपण एक नंबर शोधणार आहोत. हा नंबर आपल्याच घरात, आपल्याच कम्प्युटरवर असतो, पण तो कुठे बघायचा हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. नंबर आहे आपल्या राउटरचा, म्हणजे इंटरनेटच्या त्या दिवे लागणाऱ्या डबीचा.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना त्याचं काय करायचं? आम्हीही तसंच म्हणत होतो. म्हणून आधी आमची गोष्ट सांगतो.

आमचा गट केडगावचा, दौंड तालुक्यातला. आम्ही अकराजणी. एका काकूंच्या घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस. जुना कम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला आणि फायबरचं कनेक्शन बसवून घेतलं. गटाचे व्यवहार आता नुसते वहीत लिहून भागत नाही, ते ऑनलाईनही भरावे लागतात. बसवणारा मुलगा आला, डबी भिंतीला लावली, वाय-फायचा पासवर्ड एका कागदावर लिहून तो भिंतीलाच चिकटवून गेला. आम्हाला वाटलं, झालं काम.

मार्च महिना आला. एका सभासदाच्या म्हशीच्या कर्जाचा प्रस्ताव भरायचा होता. शेवटचा दिवस. कागदपत्रं तयार, अंगठे झालेले, सह्या झालेल्या आणि कम्प्युटरवर नुसतं गोल चाक फिरतंय. नेट चालूही नाही आणि बंदही नाही. आमच्या सचिवताईंनी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “घरात कोणी पुरुष माणूस आहे का? त्यांच्याकडे फोन द्या.”

घरात काकूंचा नववीतला नातू होता. लाखांचे हिशेब करणाऱ्या आमच्या सचिवताईंनी फोन त्या पोराच्या हातात दिला. त्यालाही काही सांगता आलं नाही, कारण त्याला विचारलं ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

माणूस आला तिसऱ्या दिवशी. त्याने आमच्या कम्प्युटरवर एक नंबर टाईप केला, एक पान उघडलं, दोन ठिकाणी बोट दाबलं आणि तीनशे रुपये मागितले. काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, “तुम्हाला नाही कळायचं ते.” संध्याकाळपर्यंत नेट बरं चाललं, मग पुन्हा चाक फिरायला लागलं. प्रस्ताव पुढच्या महिन्यावर गेला. बघून ठेवलेली म्हैस व्यापाऱ्याने दुसऱ्याला दिली. त्या सभासदाला आम्ही तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता.

पण आमच्यातली एक सून एमएस-सीआयटी केलेली. तो माणूस काय टाईप करतोय हे तिने बघून ठेवलं होतं. ती म्हणाली, “तो नंबर आपल्या कम्प्युटरला माहीतच असतो. आपण त्याला विचारू या.” त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो, तेच आज सांगतोय.

आधी हा राउटर करतो काय ते समजून घेऊ. आपल्या भागाला खडकवासल्याचा कालवा माहीत आहे. कालव्याचं पाणी चारीला येतं, चारीवर दार असतं आणि त्या दारातून ते शेतात वाटलं जातं. इंटरनेट कंपनीची तार म्हणजे ती चारी. राउटर म्हणजे दार. तारेतून येणारं नेट तो घरातल्या कम्प्युटरला, मोबाईलला, टीव्हीला वाटून देतो. म्हणूनच त्याला इंग्रजीत गेटवे, म्हणजे दरवाजा, असंही म्हणतात. हा शब्द लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हेही ध्यानात ठेवा, की दहाजणांनी एकाच दारातून पाणी घेतलं तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. नेटचंही तसंच होतं.

आता पत्ता. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यात चार आकडे असतात, मध्ये टिंब, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. ही रीत १९८१ साली ठरली. अशा रीतीने जास्तीत जास्त ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते पुष्कळ वाटले. पुढे घराघरात चार-चार मोबाईल येतील हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पत्ते पुरेनात, तेव्हा काही पत्ते फक्त घरातल्या वापरासाठी बाजूला काढून ठेवले. १९९६ साली त्याचा नियम पक्का झाला. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते असे घरगुती. १० ने सुरू होणारेही घरगुती. आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचेही.

घरगुती म्हणजे काय? आपण घरात “आई” अशी हाक मारली तर आपलीच आई ओ देते. शेजारच्या घरातही “आई” आहे, यवतला आहे, पाटसला आहे. तरी गोंधळ होत नाही, कारण हाक घरातल्या घरात असते. १९२.१६८.१.१ हा पत्ता तसाच आहे. हजारो घरांतल्या राउटरचा हाच पत्ता असेल. घरात तो बरोबर चालतो, घराबाहेर त्याचा उपयोग नाही.

बाहेरच्या जगासाठी वेगळा पत्ता असतो, तो कंपनी देते. पत्रावर पिनकोड टाकतो ना, तसा तो. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. पिनकोडमुळे पत्र आपल्या पोस्टापर्यंत येतं, पण घरात कोण कुठल्या खोलीत बसतं हे पिनकोडला माहीत नसतं. म्हणून इंटरनेटवर “माझा आयपी सांगा” असं विचारलं तर बाहेरचा पत्ता कळतो. आपल्याला तो नको आहे. आपल्याला हवा आतला, राउटरचा.

चला आता कम्प्युटरपाशी. आधी कम्प्युटर आपल्या राउटरच्या वाय-फायला किंवा तारेला जोडलेला आहे ना, ते बघा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कम्प्युटर चालवत असाल तर मिळणारा पत्ता त्या मोबाईलचा असेल, राउटरचा नाही.

बहुतेक गटांकडे विंडोजचा कम्प्युटर असतो. त्याची रीत अशी.

पहिली पायरी. कीबोर्डवर अगदी खालच्या ओळीत, डावीकडे, खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आहे. ते दाबून धरा आणि आर अक्षर दाबा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडेल.

दुसरी पायरी. त्या चौकटीत इंग्रजीत तीन अक्षरं टाईप करा: सी, एम, डी. एंटर दाबा. एक काळी खिडकी उघडेल. घाबरू नका. आमच्या अध्यक्षताई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, “बाई गं, बिघडला वाटतं!” काही बिघडत नाही. आपण इथे फक्त विचारणार आहोत, काही बदलणार नाही.

तिसरी पायरी. त्या काळ्या खिडकीत टाईप करा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. सगळी अक्षरं सलग, मध्ये जागा सोडायची नाही. एंटर दाबा.

चौथी पायरी. आता बऱ्याच ओळी येतील. सगळ्या वाचायच्या नाहीत. वाय-फाय वापरत असाल तर वाय-फाय लिहिलेला भाग शोधा. तार लावली असेल तर इथरनेट लिहिलेला. ज्या भागात “मीडिया डिस्कनेक्टेड” असं लिहिलंय तो सोडून द्या. आपल्या भागात शेवटी “डिफॉल्ट गेटवे” अशी ओळ असते. मघाशी लिहून ठेवलेला शब्द तो हाच. त्याच्यासमोर जो नंबर आहे तो आपल्या राउटरचा पत्ता.

इथे दोन ठिकाणी आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका. त्याच भागात वर “आयपीव्ही४ ॲड्रेस” अशी ओळ असते. तो आपल्या कम्प्युटरचा स्वतःचा पत्ता. आमचा होता १९२.१६८.१.७. आम्ही तोच राउटरचा समजून अर्धा तास घालवला. राउटरचा होता १९२.१६८.१.१. दुसरं असं, की कधी कधी गेटवेच्या समोर आधी एफ, ई, ८, ० ने सुरू होणारी लांबलचक ओळ येते. तो नव्या पद्धतीचा पत्ता. तो सोडून त्याच्या खालचा, चार आकड्यांचा घ्या.

काळी खिडकी नकोच असेल तर दुसरी वाट आहे. सेटिंग्ज उघडा, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, आणि त्यात हार्डवेअर अँड कनेक्शन प्रॉपर्टीज. तिथेही डिफॉल्ट गेटवे लिहिलेला मिळतो.

ॲपलचा कम्प्युटर असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, मग वाय-फाय, जोडलेल्या नावासमोर डिटेल्स, आणि त्यात टीसीपी-आयपी. तिथे सरळ “राउटर” असंच लिहिलेलं असतं. उबुंटू असेल तर टर्मिनल उघडून आय, पी, मग एक जागा सोडून आर, आणि एंटर. “डिफॉल्ट व्हाया” या शब्दांपुढचा नंबर तो आपला.

पुष्कळ घरी हा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ निघतो. जिओच्या पुष्कळ राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो. पण अंदाजाने टाकू नका. शेजारणीचा तो आपला असं धरू नका. आपल्या कम्प्युटरने सांगितला तोच खरा. आणि हो, अंकात आम्ही आकडे मराठीत छापलेत, टाईप करताना मात्र इंग्रजी आकडे आणि मध्ये इंग्रजी टिंब.

नंबर मिळाला, आता त्याचं करायचं काय? तीन कामं.

पहिलं काम, नेट बंद पडल्यावर दोष कुठे आहे ते बघणं. त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी टाईप करा, एक जागा सोडा, राउटरचा पत्ता टाका आणि एंटर. कम्प्युटर राउटरला चार वेळा हाक मारतो. ओळीच्या शेवटाकडे “टाइम” आणि किती एमएस ते दिसलं, म्हणजे राउटरने ओ दिली. मग घरातलं सगळं ठीक आहे, दोष राउटरच्या पलीकडे, बाहेरच्या लाईनमध्ये असण्याची शक्यता जास्त. “टाइम्ड आऊट” किंवा “अनरीचेबल” आलं तर दोष घरात, तार सुटली असेल किंवा वाय-फाय तुटलं असेल. आणि कम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून, थोडं थांबून चालू करा. आपल्याकडे लाईट गेली-आली तरी असं होतं. लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं राउटरला उठायला द्या.

दुसरं काम, आपल्या नेटवर कोण कोण आहे ते बघणं. ज्यात आपण गूगल उघडतो तो ब्राउझर उघडा. सगळ्यात वरच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाका, एंटर. मधल्या शोधायच्या चौकटीत टाकू नका, तिथे टाकलं तर तो जगभर शोधत बसतो. “सुरक्षित नाही” अशी सूचना आली तर दचकू नका. हे पान घरातल्या घरात उघडतंय म्हणून तसं दिसतं. पण नंबर आपण स्वतः शोधलेला असेल तरच पुढे जा, फोनवर कुणी सांगितलेला नको. मग नाव आणि पासवर्ड विचारतील. तो बहुतेक वेळा राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर असतो. तिथे नसेल तर कंपनीकडून मागून घ्या. आपण ग्राहक आहोत, तो मागायला लाजायचं नाही.

आत गेल्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. कुठे “कनेक्टेड डिव्हायसेस” लिहिलेलं असतं, कुठे “क्लायंट्स”. आम्ही उघडली तेव्हा यादीत एकोणीस यंत्रं होती. आमची तीन. बाकी सोळा कुणाची? खोलीसमोरच्या पारावर संध्याकाळी पोरं का बसतात, ते तेव्हा कळलं. पोरांना काय बोलायचं? पासवर्ड आम्हीच भिंतीवर लावला होता.

तिसरं काम, कुलपं बदलणं. इथे दोन कुलपं आहेत. एक वाय-फायचं आणि एक राउटरच्या या पानाचं. दोन्ही बदला आणि दोन्हींना एकच किल्ली लावू नका. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. गटाचं नाव, मोबाईल नंबर, जन्मसाल नको, ते गावाला पाठ असतं. वाय-फायचा पासवर्ड बदलला की सगळं तुटतं, प्रिंटर, टीव्ही, मोबाईल सगळं. ते नव्याने जोडावं लागतं. म्हणून हे काम प्रस्तावाच्या शेवटच्या दिवशी करू नका, निवांत दिवशी करा.

काय करायचं नाही, तेही सांगतो. राउटरच्या मागे टाचणी घालायचं बारीक भोक असतं, त्याला हात लावू नका. त्याने सगळं पुसलं जातं, काही वेळा कंपनीने भरलेली माहितीसुद्धा, आणि मग नेट पूर्ण बंद. जे कळत नाही ते आतल्या पानावर बदलू नका. आणि “कंपनीतून बोलतोय, राउटरचा पासवर्ड सांगा” किंवा “हे ॲप टाका” असा फोन आला तर ठेवून द्या. पैशाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे.

आता आम्ही गटात एक रीत पाडली आहे. गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर राउटरचा पत्ता लिहिला. दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर तिघींच्या सह्या, पाकीट पेटीत. पेटीच्या किल्ल्यांसारखंच, माहीत तिघींना, एकीलाच नाही. सहा महिन्यांनी पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलायचा. पारावरच्या पोरांना सांगितलं, अभ्यासाचं काही काम असेल तर खोलीत येऊन बसा. दोघी-तिघी मुली येतात आता.

यंत्राला हात लावायचा म्हटलं की आपल्यातल्या काही जणी अजून मागे सरकतात. त्यांना आम्ही केडगावचंच सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळाच्या काळात त्यांचं काम आपल्या केडगावात मुक्ती सदनात आलं. तिथे छापखाना होता आणि त्यात मुली खिळे जुळवायच्या, पानं छापायच्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावातल्या पोरींनी छापखाना चालवला, त्या गावात आपण एका डबीला भ्यायचं का?

पुढे पावसाळ्यात नेट पुन्हा बंद पडलं. सचिवताईंनी फोन लावला. पलीकडून तोच प्रश्न, घरात कोणी पुरुष आहे का? ताई म्हणाल्या, “मी आहे ना. गेटवे ओ देतोय, बाहेरची लाईन बघा.” पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग तक्रार नंबर मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी माणूस सरळ खांबावर चढला. घरात आला नाही, तीनशे रुपयेही गेले नाहीत.

त्या सभासदाला म्हैस मिळाली, पण दीड महिना उशिरा, आणि पहिली मिळाली असती त्याहून महाग. ते नुकसान भरून निघालं नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतोय, की अडायच्या आधी शिका.

तर या आठवड्याचं काम. गटाच्या बैठकीत कम्प्युटर लावा. एकीने टाईप करायचं, बाकीच्यांनी बघायचं, मग दुसरीने. प्रत्येकीने एकदा तरी डिफॉल्ट गेटवे स्वतः शोधायचा. कम्प्युटर नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जाऊन, विचारून, बसा. नंबर मिळाला की रजिस्टरमध्ये लिहा आणि खाली शोधणारीचं नाव घाला.

चला, दूध काढायची वेळ झाली असेल. पुन्हा भेटू. नमस्कार.